मेंटॉर, आत्मविश्वास आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण १५ ते २५ वयाच्या मुलामुलींचे आहेत. शेवटी शेवटी काही पालकांचे आणि नव्या मेंटॉरचेही आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर भीतीच्या पायऱ्यांविषयीचा प्रश्न तेवढा नीट वाचा. बाकी बरंचसं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

आधी आत्मविश्वास वाढवायचा आणि मग मेंटॉर शोधायचा, की उलटं?

दोन्हींच्या आधी एक छोटं काम हातात घ्या. आत्मविश्वास आधी साठवून मग काम सुरू करू म्हटलं, तर ती वेळ कधी येत नाही. काम होतं, झालेलं डोळ्यांना दिसतं, आणि पुढच्या वेळी मन जरा कमी कुरकुरतं. क्रम असा आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये या विषयाची जी मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. 'हे मला जमेल' हा विश्वास त्यांच्या मते चार वाटांनी येतो: स्वतः काम पार पाडणं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि त्या क्षणी होणारी धडधड, घाम, थकवा यांचा आपण लावलेला अर्थ. यांतली पहिली वाट सगळ्यांत पक्की. नुसत्या धीराच्या शब्दांवर उभा राहिलेला विश्वास पहिल्याच अपयशाला कोसळतो, कारण त्याला आधार द्यायला अनुभव नसतो.

गंमत अशी, की बहुतेक जण तिसऱ्या वाटेसाठी मेंटॉर शोधतात: 'कोणीतरी मला मोटिव्हेट करा.' चांगला मेंटॉर पहिल्या दोन वाटांवर जास्त राबतो. तुमच्या मापाचं काम काढून देतो आणि स्वतः काम करताना तुम्हाला जवळून बघू देतो, अडखळण्यासकट.

आणखी एक. आत्मविश्वास माणसागणिक नाही, कामागणिक वेगळा असतो. गणितात बिनधास्त असलेली मुलगी फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला घाबरू शकते. त्यामुळे 'माझा आत्मविश्वास कमी आहे' या वाक्याने कुणालाच काही करता येत नाही. 'अनोळखी माणसाला फोन करायची वेळ आली की मी टाळते' या वाक्यावर मात्र लगेच काम सुरू करता येतं.

मेंटॉर म्हणजे नेमकं कोण? शिक्षक किंवा समुपदेशकापेक्षा वेगळा कसा?

शिक्षक ठरलेला विषय शिकवतात. कोच एक विशिष्ट कौशल्य घोटवून घेतो. समुपदेशक मनाच्या त्रासावर प्रशिक्षण घेऊन काम करतो. मेंटॉर म्हणजे तुम्हाला ज्या वाटेने जायचंय त्या वाटेवर थोडा पुढे गेलेला, आणि तुमच्यासाठी नियमित वेळ काढायला तयार असलेला माणूस. एकच व्यक्ती यांतल्या दोन भूमिका निभावू शकते, पण कुणाकडून काय मागायचं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. मेंटॉरकडून उपचारांची अपेक्षा ठेवली तर दोघेही थकतात.

ओळखीत असं कोणीच नाही. शोधायचं कुठे?

'कोणीच नाही' असं वाटतं, कारण आपण फार मोठा माणूस डोळ्यांसमोर धरलेला असतो. तुमच्यापेक्षा दोन ते पाच वर्षं पुढे असलेली व्यक्ती सुरुवातीला जास्त उपयोगी पडते. तुम्ही आज जिथे अडलाय तिथे ती नुकतीच अडली होती आणि त्यातून कशी सुटली हे तिला आठवतंय. वीस वर्षांचा अनुभव असलेल्याला सुरुवातीच्या अडचणी आठवतच नाहीत. तो प्रामाणिकपणे सांगतो, 'त्यात काय अवघड आहे?' आणि आपण आणखी खचतो.

कागद घ्या आणि तीन याद्या करा. पहिलीत ज्यांच्याशी थेट बोलता येतं अशी माणसं: शिक्षक, सीनियर, शेजारी, नातेवाईक, खेळाचे प्रशिक्षक. दुसरीत तोंडओळखीची माणसं: कार्यशाळेत भेटलेली, मित्राची मोठी बहीण, ग्रंथालयातले कर्मचारी. तिसरीत ज्यांचं काम तुम्हाला आवडतं पण ओळख नाही अशी. दुसरी यादी सगळ्यांत जास्त वेळ घेऊन करा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं, की नवी माहिती आणि नव्या संधी बऱ्याचदा अशा दूरच्या ओळखींतून येतात. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं.

तिन्ही मिळून दहा-बारा नावं झाली की त्यांतली चार निवडा. निवडताना कर्तृत्वापेक्षा दोन साध्या गोष्टी बघा: ही व्यक्ती समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेते का, आणि 'मला हे येत नाही' असं कधी म्हणते का.

पहिला मेसेज कसा लिहायचा?

छोटा. सहा-सात ओळी पुरतात. 'तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?' हे पहिल्याच मेसेजमध्ये विचारू नका. त्यातून किती वेळ जाणार, किती काळ, कसली जबाबदारी, यांतलं काहीच समोरच्याला कळत नाही, म्हणून तो भिडेखातर टाळतो. मागणं लहान आणि स्पष्ट ठेवा. उदाहरणार्थ:

'नमस्कार मॅडम. मी ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यातल्या कार्यशाळेत तुम्ही पोस्टरचा कच्चा आराखडा कसा करायचा ते दाखवलं होतं. त्याप्रमाणे मी तीन पोस्टर केली, पण अक्षरांच्या मांडणीत दर वेळी अडकते. या किंवा पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? पोस्टर आधी पाठवून ठेवते. वेळ नसेल तरी हरकत नाही.'

यात चार गोष्टी आहेत: तुम्ही कोण, त्यांचं नेमकं काय उपयोगी पडलं, तुम्ही स्वतः काय करून पाहिलं, आणि किती मिनिटं हवीत. तिसरी गोष्ट बहुतेक मेसेजमध्ये नसते, आणि वाचणारा तीच आधी शोधतो. आपण शिकवलेलं कुणी करून पाहिलं, याहून मोठं आमिष अनुभवी माणसाला दुसरं नसतं.

अशी दोन-तीन बोलणी झाली, प्रत्येक वेळी सांगितलेलं तुम्ही करून दाखवलंत, की मग विचारा: 'पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी असं बोलता येईल का?' तोवर नातं जवळजवळ जुळलेलंच असतं.

उत्तर आलं नाही तर?

आठ-दहा दिवस थांबा, एकदा नम्र आठवण करा, आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा. तिसरा मेसेज नको. उत्तर न येण्याची कारणं बहुतेक वेळा त्यांच्या बाजूची असतात, आणि ती तुम्हाला कधी कळणारही नाहीत. चारांतल्या एकाने होकार दिला तरी ते चांगलं समजा.

पहिल्या ठरलेल्या भेटीत काय बोलायचं?

पाऊण तास धरा. पहिली दहा मिनिटं ओळखीत जाऊ द्या. पुढची वीस 'मी कुठे अडतो' या एका मुद्द्यावर. दहा मिनिटं पहिलं छोटं काम ठरवण्यात, आणि शेवटची पाच नियम ठरवण्यात. नियम म्हणजे मोठा करार नव्हे, पण हे प्रश्न तोंडी तरी मिटवून घ्या: किती दिवसांनी भेटायचं, कुठे, भेट रद्द करायची असेल तर किती आधी कळवायचं, मध्ये मेसेज केला तर चालेल का, कोणत्या गोष्टी दोघांतच राहतील, आणि तीन महिन्यांनी पुढे चालू ठेवायचं की नाही हे कसं ठरवायचं.

हे न बोलता सुरू झालेली नाती तिसऱ्या-चौथ्या भेटीला ढेपाळतात. एकाला वाटतं दुसरा फोन करेल, दुसऱ्याला वाटतं याला गरज उरली नसावी. नियम साधा ठेवा: वेळ ठरवायला मेसेज नेहमी शिकणाऱ्याने करायचा.

किती वेळा भेटायचं आणि किती महिने?

पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा. रोजच्या गप्पांनी ओळख वाढते, पण मधल्या वेळेत करून बघायला जागा उरत नाही. महिन्याहून जास्त अंतर पडलं तर प्रत्येक भेट 'कुठपर्यंत आलो होतो?' यातच संपते.

कालावधीबद्दल जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. वर्ष किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या किशोरवयीन मुलांना सर्वाधिक फायदा झाला. जोडी जितकी लवकर तुटली तितका फायदा कमी, आणि फारच लवकर तुटलेल्या जोड्यांतली मुलं काही बाबतींत आधीपेक्षा मागे गेली. म्हणजे अर्ध्यावर सोडून जाणारा मेंटॉर निरुपयोगी तर असतोच, वर नुकसानही करू शकतो. वर्षभर वेळ देता येणार नसेल तर मेंटॉरने हे पहिल्याच दिवशी सांगावं आणि 'सहा आठवड्यांत हे एक काम' असा छोटा, पण शेवट ठरलेला आराखडा द्यावा. ठरल्याप्रमाणे संपलेलं नातं मनाला लागत नाही. न सांगता सोडून जाणं लागतं.

भीती वाटणाऱ्या गोष्टींच्या 'पायऱ्या' कशा करायच्या?

समजा, दहा जणांसमोर बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. आधी शेवटची पायरी लिहा: तीस जणांसमोर दहा मिनिटं बोलणं आणि प्रश्नांना उत्तरं देणं. आता खाली उतरत या आणि प्रत्येक पायरीला ० ते १० मध्ये भीतीचा आकडा द्या. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे पळून जावंसं वाटतं. एक नमुना:

१. मोबाइलवर तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून स्वतः पूर्ण ऐकणं (भीती ३)
२. तेच रेकॉर्डिंग मेंटॉरला पाठवणं (४)
३. वर्गात किंवा मीटिंगमध्ये, आधी लिहून ठेवलेला एक प्रश्न मोठ्याने विचारणं (५)
४. चार ओळखीच्या माणसांसमोर उभं राहून पाच मिनिटं बोलणं (६)
५. त्याच चौघांनी मध्येच प्रश्न विचारायचे (७)
६. तीस जणांसमोर दहा मिनिटं (८ ते ९)

सुरुवात भीतीचा आकडा ३ किंवा ४ असलेल्या पायरीपासून करा. भीतीचा आकडा १ असेल तर काही शिकायला मिळत नाही आणि ८ च्या भीतीवरून सुरू केलं तर बहुधा माघारच होते. दोन पायऱ्यांत दोन आकड्यांहून जास्त फरक पडला तर मध्ये एक पायरी घाला. एकच पायरी तीन ते पाच वेळा करा. आकडा निम्म्यावर आला की वर चढा. पाच वेळा करूनही तो हलला नाही तर पायरी अजून मोठी आहे. तिचे दोन तुकडे करा.

प्रत्येक वेळी वहीत तीन रकाने भरा. काम करण्याआधी: 'काय होईल असं वाटतं?' (उदा. 'मध्येच विसरेन आणि सगळे हसतील.') काम झाल्यावर: 'प्रत्यक्षात काय झालं?' (उदा. 'दोनदा अडखळलो. कोणी हसलं नाही. एकाने घड्याळ बघितलं.') तिसऱ्या रकान्यात: 'पुढच्या वेळी एक बदल.' पहिला रकाना आधी लिहिणं टाळू नका. नंतर लिहिलात तर मन सोयीने सांगतं, 'मला वाटलंच होतं इतकं काही होणार नाही,' आणि शिकलेलं हातचं निसटतं. पंधरा-वीस नोंदी झाल्यावर मेंटॉरबरोबर वही उघडा आणि पहिला आणि दुसरा रकाना शेजारी शेजारी वाचा. अंदाज दर वेळी एकाच बाजूला चुकलेले असतात, आणि ते आपल्याच अक्षरात समोर दिसतं.

हे कुठे फसतं? तीन ठिकाणी. पहिलं, लाज वाटून खालच्या पायऱ्या गाळल्या जातात: 'रेकॉर्डिंग वगैरे काय, ते लहान मुलांचं.' दुसरं, नकळत आडोसे घेतले जातात. कागदावरून वाचणं, मान वर न करणं, भरभर बोलून मोकळं होणं. काम झाल्यासारखं वाटतं, पण मन श्रेय कागदाला देतं, म्हणून आकडा खाली येत नाही. एका वेळी एकच आडोसा काढा: या वेळी कागद चालेल, पण दर दोन वाक्यांनंतर वर बघायचं. तिसरं, आणि सगळ्यांत महागात पडणारं: भीती शिगेला असताना मध्येच सोडून देणं. त्याने मन एकच धडा घेतं, पळालं की बरं वाटतं. बोलणं छोटं करा, हवं तर अर्धं करा, पण ठरलेल्या शेवटच्या वाक्यापर्यंत जा.

आरशासमोर 'मी करू शकतो' म्हणून काही होतं का?

ज्यांचा स्वतःवर आधीच बऱ्यापैकी विश्वास आहे त्यांना थोडं बरं वाटतं. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या बाबतीत ते उलटू शकतं. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तपासलं, तेव्हा स्वतःबद्दल कमी आदर असलेल्या लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं पुन्हा पुन्हा म्हटल्यावर, ते न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटलं. मन लगेच उलट पुरावे काढतं. त्यापेक्षा ज्याला मन नाही म्हणू शकत नाही असं वाक्य घ्या: 'मागच्या आठवड्यात मी वर्गात दोन प्रश्न विचारले.'

मेंटॉर नुसतं कौतुक करतात. खरं काय ते कळत नाही.

प्रश्न बदला. 'कसं झालं?' विचारलं की 'छान' हेच उत्तर मिळणार, भिडस्त माणूस दुसरं काय म्हणेल? त्याऐवजी विचारा: 'पहिल्या दोन मिनिटांत तुमचं लक्ष कुठे सुटलं?', 'यातला कोणता एक भाग काढून टाकाल?', 'पुढच्या वेळी मी फक्त एक गोष्ट बदलू शकत असेन तर कोणती?' असे प्रश्न समोरच्याला तुम्हाला न दुखावता नेमकं बोलायची वाट करून देतात.

कौतुकाच्या प्रकारांतही फरक आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेली मुलं पुढे अवघड कोडी चुकल्यावर लवकर थांबली, आणि नंतर त्यांची कामगिरीही घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. हुशारीचा शिक्का एकदा बसला की प्रत्येक चूक तो पुसून टाकते, मग मूल चूक होईल असं काही करतच नाही. पण 'खूप मेहनत केलीस' हेही तोंडदेखलं होऊ शकतं. 'तू दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात तीनदा बदललीस, त्यामुळे मुद्दा लगेच कळला,' यातून पुढच्या वेळी नेमकं काय पुन्हा करायचं ते कळतं.

आणि उलट, टीका झाली की दोन-दोन दिवस काही सुचत नाही?

टीका दर वेळी उपयोगीच असते, हा समज आधी सोडा. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारली खरी, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती खालावली. लक्ष कामावरून हटून स्वतःवर गेलं की नुकसान होण्याची शक्यता वाढते. म्हणून ऐकलेली टीका वहीत दोन भागांत तोडा: कामाबद्दलची वाक्यं आणि तुमच्याबद्दलची वाक्यं. 'शेवट घाईत उरकलास' हे कामाबद्दल. 'तू निष्काळजी आहेस' हे तुमच्याबद्दल. पहिल्यावर २४ तासांनी एक दुरुस्ती करा. दुसऱ्याचं भाषांतर मेंटॉरकडेच मागा: 'निष्काळजी म्हणजे यातला कोणता भाग?' उत्तर देता आलं नाही तर ते वाक्य सोडून द्या.

खोलीत शिरलं की सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं.

बघतात, पण तुम्हाला वाटतं तितके नाही. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये विद्यार्थ्यांना लाजिरवाणं वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता, निम्म्या लोकांना चित्र ओळखता येईल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना ते सांगता आलं. हे वाचून भीती जात नाही, मान्य. पण पायऱ्यांच्या वहीतल्या पहिल्या रकान्यात 'सगळे बघतील' लिहिण्याऐवजी 'किती जण?' असा आकडा लिहायला लागलात की फरक पडतो.

ऐन वेळी पोटात गोळा येतो, हात थरथरतात. शांत कसं व्हायचं?

पूर्ण शांत व्हायच्या मागे लागू नका. शरीर जोरात चाललेलं असताना त्याला एकदम थांबवणं अवघड असतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भाषण किंवा गाण्याआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्सुकता वाटतेय' म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड दोन्हींत तीच असते, बदलतो तो तिचा अर्थ.

सोबत एवढं करा: पहिली दोन वाक्यं शब्दशः पाठ, बाकी फक्त मुद्दे. सुरू करण्याआधी पाच-सहा श्वास असे घ्या की बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. हातात कागद असेल तर जाड पुठ्ठ्यावर लावा. पातळ कागदाची थरथर लांबूनही दिसते, आणि ती आपल्याला दिसली की आणखी वाढते.

यश मिळालं तरी वाटतं, चुकून मिळालं. एक दिवस पितळ उघडं पडेल.

या भावनेचं वर्णन पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये, चांगल्या पदांवर पोचलेल्या स्त्रियांच्या संदर्भात केलं होतं. ती पुरुषांतही आढळते, आणि नव्या वर्तुळात नुकतंच पाऊल टाकलेल्यांना विशेष छळते. अशा वेळी मेंटॉरला एकच विनंती करा: त्यांनी स्वतः अशाच टप्प्यावर केलेलं काम, पहिला कच्चा मसुदा, जुना नाकारलेला अर्ज, दाखवावा. आपण इतरांचं तयार काम बघतो आणि स्वतःचं कच्चं, म्हणून तुलना नेहमीच अंगावर येते.

एक जरा टोचणारी गोष्टही सांगायला हवी. कधी कधी तयारी खरंच कमी असते. 'मला येत नाही असं वाटतं' आणि 'मला येत नाही' यातला फरक काम तपासूनच कळतो, भावना तपासून नाही.

मेंटॉर चुकीचा निवडला गेला हे कसं ओळखायचं?

साध्या विसंगती आधी. तीन भेटींनंतरही बोलणं बहुतांश त्यांच्याबद्दलच होतंय, तुम्ही काय केलंत हे विचारलं जात नाही, किंवा त्यांनी केलं तसंच तुम्ही करावं असा आग्रह आहे. यात कुणी वाईट नसतं, जोडी जमत नाही एवढंच. एकदा स्पष्ट सांगून बघा, नाहीतर आभार मानून थांबा.

पुढच्या गोष्टी मात्र दिसल्या की थांबायचंच: भेटी गुप्त ठेवायला सांगणं, पैसे किंवा महागड्या वस्तू देणं-घेणं, इतर मित्रांपासून तोडणं, रात्री-अपरात्री खासगी मेसेज, शरीराबद्दल शेरे, नको असलेला स्पर्श, 'माझ्यामुळेच तू इथवर आलास' असं वारंवार ऐकवणं. वय १८ च्या आत असेल तर भेट इतरांना दिसेल अशा जागी व्हावी, पालकांना किंवा शाळेतल्या एका जबाबदार व्यक्तीला वेळ आणि ठिकाण माहीत असावं, आणि मेसेज पालकांना बघता यावेत. चांगल्या मेंटॉरला या अटींचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे जाऊ नका.

काही घडलं असेल तर दोष तुमचा नाही. विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला.

मेंटॉरशिवाय काही ठरवताच येत नाही, अशी सवय लागेल का?

लागू शकते. म्हणून आधार हळूहळू काढायचा असतो. पहिल्या महिन्यात मेंटॉर करून दाखवतो, दुसऱ्यात दोघं मिळून, तिसऱ्यात तुम्ही करता आणि तो बघतो, पुढे तुम्ही करून नुसतं कळवता. स्वतःसाठी एक नियम: प्रश्न विचारताना सोबत आपलं उत्तरही द्यायचं. 'मी कोणता कोर्स घेऊ?' असं न विचारता 'मी हा घेतोय, या दोन कारणांसाठी, यात काय राहून गेलंय?' असं विचारा.

पालक म्हणून आम्ही काय करावं?

मेंटॉरशी काय बोलणं झालं याची उलटतपासणी करू नका. सुरक्षेच्या गोष्टी आधी ठरवून घ्या आणि मग जागा द्या. तिसरा माणूस ऐकतोय म्हटलं की मूल घरच्यांना रुचेल तेवढंच बोलतं आणि खरी अडचण बाजूला राहते. आणि मुलाच्या पायऱ्या तुम्ही चढू नका. फॉर्म भरायचा आहे, ऑफिसात फोन करायचा आहे, तिथे 'दे इकडे, मी करते' हे वाक्य त्याच्या हातातला एक अनुभव काढून घेतं. शेजारी बसा, फोन त्यालाच करू द्या.

मी स्वतः २१ वर्षांचा आहे. मी कुणाचा मेंटॉर होऊ शकतो का?

हो, तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षं लहान असलेल्याचा, आणि एकाच विषयात. एकच जोडी घ्या. भेटीत निम्म्याहून जास्त वेळ समोरचा बोलतोय ना, हे घड्याळ बघून तपासा. नव्या मेंटॉरची हमखास चूक म्हणजे पहिल्याच भेटीत सगळे सल्ले ओतणं. एका भेटीत एक काम द्या आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्याच कामापासून करा. काम झालं नसेल तर रागावण्याआधी विचारा, कोणत्या क्षणी अडलं? उत्तर बहुधा 'सुरुवातच झाली नाही' असं येतं, म्हणजे काम मोठं होतं.

मेंटॉर पुरेसा नाही, तज्ज्ञाकडे जायला हवं, हे कधी समजायचं?

दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालेलं, झोप किंवा भूक बिघडलेली, भीतीमुळे कॉलेज किंवा काम बुडतंय, यांतलं काही असेल तर समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटा. जगणं नको वाटतंय किंवा स्वतःला इजा करावीशी वाटतेय, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. मेंटॉरने अशा वेळी 'गुप्त ठेवेन' हे वचन पाळायचं नसतं, आणि हा अपवाद पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचा असतो.

एआय चॅटबॉटला मेंटॉर केलं तर चालेल?

सरावासाठी जरूर वापरा: मुलाखतीचे प्रश्न विचारून घ्या, पहिल्या मेसेजचा मसुदा तपासून घ्या, अवघड बोलण्याची तालीम करा. रात्री दोन वाजता तो उपलब्ध असतो आणि चुकल्याची लाज वाटत नाही, हे फायदे खरे आहेत. पण तो तुमच्या मताला चटकन मान डोलावतो, म्हणून 'यातल्या तीन चुका सांग' असं नेमकं मागावं लागतं. तुम्हाला ओळखणारा माणूस चार लोकांना 'हिला एक संधी देऊन बघा' असं सांगू शकतो, चॅटबॉट ते करणार नाही. शिवाय लाज वाटत नाही हा त्याचा फायदाच एका टप्प्यानंतर आड येतो. माणसांसमोरची भीती माणसांसमोरच कमी होते. पायऱ्यांच्या यादीत चॅटबॉटसोबतची तालीम भीतीचा आकडा २ असलेली पायरी म्हणून लिहा, आणि तिच्या वरची पायरी याच आठवड्यात कुठे आणि कुणासमोर करायची ते शेजारी लिहून ठेवा.